मावळचे पाणी आणि मुंबईचा दिवा

आषाढात लोणावळ्यास येणारा पाहुणा धबधबे पाहतो, भुशीच्या पायऱ्यांवर भिजतो, चिक्कीची पुडकी घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने मुंबईस परततो. वळवणचे धरण त्याच्या नजरेस पडते. पण तो त्याच्या लेखी एक देखावाच असतो. घरी पोहोचल्यावर तो कुलूप उघडतो, अंधारात भिंत चाचपून बटण दाबतो आणि खोली उजळते. सकाळी ज्या तळ्याच्या काठी आपण उभे होतो त्याच तळ्याशी आपली पुन्हा भेट झाली, असे त्या वेळी त्याच्या मनात येत नाही. येण्याचे कारणही नाही. मध्ये सह्याद्रीचा कडा आहे, नळ आहेत, चक्रे आहेत, मैलोगणती तारा आहेत आणि शेवटी महिन्याचे बिल आहे. इतक्या गोष्टी मध्ये आल्या की मूळ विसरायला होते.

मी आज ज्या गोष्टीचा विचार करणार आहे ती वरवर पाहता फारच रुक्ष आहे. मुंबई शहराच्या मालकीचा जो वीजपुरवठ्याचा उपक्रम, म्हणजे आपला बेस्ट, तो गेली काही वर्षे आपल्या ग्राहकांनी वीज कमी वापरावी म्हणून पैसे खर्च करीत आला आहे. हे ऐकून कोणालाही हसू येईल. वाण्याने गिऱ्हाइकाला "साखर जरा बेतानेच न्या हो" म्हणावे आणि वर लहान चमचा स्वस्तात द्यावा, तसा हा प्रकार! पण त्याच्या मुळाशी गेलो तर वाट घाट चढून मावळातच येते. म्हणून ही कथा मुंबईच्या कचेरीतून न सांगता लोणावळ्याच्या बांधावरून सांगावी, असे मला वाटले.

आरंभ पावसापासून केला पाहिजे. लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने नदी खडकांतून वाट काढीत असते. घाटमाथ्याच्या पूर्वेस पडलेले पाणी स्वभावतः इंद्रायणीने देहू-आळंदीकडे, तेथून भीमेत आणि पुढे कृष्णेतून पूर्वसमुद्राला जाते. पश्चिमेला मात्र कडा तुटलेला आहे. लोणावळे समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर आहे आणि खोपोली अगदी त्याच्या पायथ्याशी. इतक्या थोड्या अंतरात इतका मोठा उतार हिंदुस्थानात फार ठिकाणी सापडत नाही.

हा उतार कामाला लावावा ही कल्पना मुंबईचे शिल्पकार डेव्हिड गॉस्लिंग यांनी जमशेटजी टाटांच्या कानी घातली. जमशेटजी १९०४ साली वारले. त्यांना एक दिवाही पाहावयास मिळाला नाही. पुढे सर दोराबजींनी ते काम नेटाने उचलले. १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, ८ फेब्रुवारी १९११ रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास पायाचा दगड बसविला आणि ११ फेब्रुवारी १९१५ रोजी लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीची चक्रे सुरू झाली. भांडवल बहुतांशी देशातल्याच धनिकांनी आणि संस्थानिकांनी दिले होते. स्वदेशीच्या चळवळीला उणीपुरी दहा वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळच्या लोकांना या गोष्टीचे किती अप्रूप वाटले असेल ते कळते.

लोणावळे, वळवण आणि शिरवते ही तीन तळी बांधून पावसाळ्याचे पाणी अडविले, ते कालव्यांनी कड्याच्या तोंडाशी आणले आणि पोलादी नळांतून सुमारे सतराशे फूट खाली सोडले. पाण्याचा झोत पेल्टन चक्राच्या पेल्यांवर आदळतो, चक्र फिरते आणि काम संपलेले पाणी पाताळगंगेत जाते. वीज तारांवरून मुंबईस परळला जाई. पहिले गिऱ्हाईक होत्या कापडगिरण्या. तोवर प्रत्येक गिरणीत स्वतःचे वाफेचे इंजिन असे, आणि बंगालचा किंवा परदेशचा कोळसा जाळून ते चालविले जाई. इंजिनाची शक्ती लांबलचक दांड्यांनी आणि पट्ट्यांनी मजलोमजली नेली जाई आणि तिच्यातली कितीतरी वाटेतच जिरे. त्या दृष्टीने पाहिले तर खोपोलीची वीज ही आरंभी शहराची बचतच होती. कोळसा वाचला, धूर कमी झाला. पण एक गोष्ट येथेच नोंदवून ठेवतो. गिरण्यांत विजेचे दिवे खोपोलीच्या आधीच, १९०५ च्या सुमारास, आले होते. आणि ते आले तसे कामाचे तासही लांबले. दिवस मावळल्यावर सुटणारा कामगार रात्रीपर्यंत साच्यावर उभा राहू लागला. त्यावरून दंगे झाले, आणि १९११ च्या कारखाने कायद्याने गिरणीतल्या पुरुष कामगाराला बारा तासांची मर्यादा घालावी लागली. वीज स्वस्त आणि मुबलक झाली की तिचा उपयोग कोणाच्या सोयीने होतो, हा प्रश्न असा जुना आहे.

मागणी वाढत गेली तशी तळी वाढत गेली. आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण झाले आणि १९२२ साली भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. आंदर मावळातल्या सुपीक खाचरांवर पाणी चढले. नंतर मुळशी. तेथली कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे, किंवा असावी. १९२१ च्या रामनवमीस मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांचे पुढारी होते. पन्नासाहून अधिक गावांचा प्रश्न होता. आंबेमोहोराची खाचरे होती, पिढ्यान्पिढ्यांची देवळे होती. सावकारांची आणि बड्या जमीनदारांची नजर मोबदल्याच्या रकमेवर गेली आणि चळवळीत फूट पडली. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला काहीतरी मिळाले. जो कुळ म्हणून राबत होता त्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. १९२४ पर्यंत लढा संपला. १९२७ साली भिऱ्याचे केंद्र चालू झाले आणि मुळशीचे पाणी कुंडलिकेत उतरले.

ह्या इतिहासाकडे मी तक्रारीच्या सुरात पाहत नाही. मुंबई उभी राहायची तर तिला शक्ती लागणारच होती, आणि कोळशापेक्षा पाणी बरे, असे आजही कोणी म्हणेल. पण हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंचा मांडावा. ज्या खेड्यांच्या शिवारातून ह्या तारा गेल्या त्यांतल्या बहुतेकांत पुढे कित्येक वर्षे रॉकेलची चिमणीच जळत होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झाले आणि त्यानंतर वीज हळूहळू वाडीवस्तीपर्यंत गेली. माझी आजी जेवणे आटोपली की कंदिलाची वात उतरवीत असे. उरलेल्या उजेडात आम्ही एकमेकांचे चेहरे ओळखण्यापुरते पाहत असू. तिला काटकसर कोणी शिकविली नव्हती. रॉकेलची बाटली उद्याही पुरली पाहिजे एवढेच तिला ठाऊक होते. तारेतून येणाऱ्या विजेचा हा मोठा गुण की दोष, कोण जाणे, की तिची बाटली दिसत नाही.

ती बाटली दाखविण्याचा एक प्रयत्न करून पाहू. एक हजार लिटर पाणी सतराशे फुटांवरून खाली आले तर हिशेबाने सुमारे एक पूर्णांक चार युनिट वीज व्हावी. नळातली आणि यंत्रातली घट वजा जाता हाती सव्वाच्या आत-बाहेर युनिट राहते. म्हणजे एका युनिटासाठी वळवणच्या तळ्यातले आठशे लिटर पाणी धरावे. महिन्याला दोनशे युनिट जाळणारे घर एक लाख साठ हजार लिटर पाण्याचा उजेड आणि वारा वापरते. दहा हजार लिटरचे सोळा टँकर त्या घराच्या दारात उभे करून पाहा! अर्थात आज मुंबईची बहुतेक वीज पाण्याची नाही. १९५६ साली तुर्भ्याचे औष्णिक केंद्र आले, पुढे दूरदूरच्या केंद्रांतून वीज येऊ लागली, आणि मावळ-मुळशीच्या तिन्ही केंद्रांची मिळून ४४७ मेगावॉटची ताकद मुंबईच्या आजच्या गरजेपुढे लहान दिसते. तरी मापासाठी पाणी सोयीचे. कोळशाचा ढीग डोळ्यांपुढे आणण्यापेक्षा हंडे मोजणे आपल्याला जमते.

आता बेस्टकडे वळू. तिचा जन्म ट्राममधून झाला. १८७४ साली मुंबईत घोड्यांची ट्राम धावू लागली. १९०५ साली नव्या कंपनीने वाडीबंदरला वीजकेंद्र उभारले, १९०७ साली विजेची ट्राम आली, १९१२ साली माझगावजवळ कुसाऱ्याचे दुसरे केंद्र झाले. पुढे स्वतः वीज निर्माण करण्याचा उद्योग सोडून ती टाटांची वीज घाऊक घेऊन किरकोळ विकू लागली, आणि अनेक दशके तिची जवळजवळ सगळी वीज त्यांच्याकडूनच आली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, मुंबई महानगरपालिकेने हा सारा कारभार विकत घेतला. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या घरांची वीज तेव्हापासून नगराच्या मालकीची झाली. आज तेथे दहा लाखांच्या वर ग्राहक आहेत.

नगराची मालकी म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. खाजगी कंपनीला भागधारक असतात आणि त्यांना नफा द्यावा लागतो. नगराच्या उपक्रमाचा धनी नागरिक आणि गिऱ्हाईकही नागरिकच. तेव्हा विजेचे बिल कमी झाले तर धन्याचे नुकसान होत नाही, त्याचाच फायदा होतो. कागदावर हे अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात बेस्टच्या घरात दोन भावंडे नांदत होती. वीजखाते मिळविते होते आणि बसखाते खर्चिक. बसचे भाडे गरिबाला परवडेल असे ठेवायचे आणि तूट विजेच्या उत्पन्नातून भागवायची, ही रीत वर्षानुवर्षे चालली. तिच्यावरून वाद झाले, ते न्यायालयांपर्यंत गेले. अशा घरात "वीज कमी विका" म्हणणे म्हणजे मिळवत्या भावाला कामाचे तास कमी करण्यास सांगण्यासारखेच होते. परळच्या कामगाराची बस दिवाणखान्यातल्या वातानुकूलनाच्या बिलावर चालते, तर ते बिल फुगलेलेच बरे, असे कोणाला वाटले असल्यास त्याला अगदीच चूक म्हणता येणार नाही.

हा पेच देशोदेशी पडलेला आहे. अमेरिकेतले सिॲटल शहर पाहा. त्याचाही वीजपुरवठा नगराच्या मालकीचा आणि त्याचीही वीज बहुतांशी डोंगरातल्या नदीवर बांधलेल्या धरणांची. १९७६ साली त्या शहरापुढे प्रश्न आला की दोन नव्या अणुवीज केंद्रांत भागीदार व्हावे की नाही. तज्ज्ञ मागणीची रेषा वर वर काढून दाखवीत होते. नागरिकांनी ती रेषा तपासली, पुष्कळ वादविवाद झाला आणि शहराच्या परिषदेने भागीदारी नाकारली. त्याऐवजी घरे नीट बंदिस्त करून, यंत्रे सुधारून वीज वाचवायचे ठरविले. त्या दोन केंद्रांचे काम १९८२ साली अर्ध्यावर सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी सव्वादोन अब्ज डॉलरचे कर्जरोखे बुडाले. सिॲटल वाचले. सॅक्रामेंटोत तर १९८९ साली लोकांनी मतदान करून चालू अणुवीज केंद्र बंद करविले, आणि तिथल्या लोकांच्या मालकीच्या वीजसंस्थेने घरांच्या पश्चिमेला सावलीची झाडे लावून देण्याचा कार्यक्रम काढला. उन्हाळ्यात थंडाव्याची यंत्रे कमी चालावीत म्हणून! झाड हे वीजकेंद्राच्या हिशेबात धरले गेले, ही गोष्ट मला फार आवडते. घराच्या पडवीवर वेल चढविणाऱ्या आपल्या बायकांना ती नवी वाटणार नाही.

आपल्याकडे ही दिशा कायद्याने उघडली. २००१ साली ऊर्जा संवर्धनाचा कायदा झाला, २००६ साली यंत्रांवर तारे छापण्याची योजना आली, आणि महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० साली वीज कंपन्यांसाठी मागणी-व्यवस्थापनाचे नियम केले. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आयोगापुढच्या सुनावण्यांत वर्षानुवर्षे हा विषय लावून धरला होता, याचीही नोंद केली पाहिजे. त्या नियमांचा गाभा असा: वीज वाचविण्यावर केलेला रास्त खर्च कंपनीने दरात धरावा, म्हणजे तो तिच्या अंगावर पडणार नाही, पण आधी असे सिद्ध करावे की वाचविलेले युनिट विकत घेतलेल्या युनिटापेक्षा स्वस्त पडते.

हे सिद्ध कसे करायचे? पंख्याचे उदाहरण घेऊ, कारण मुंबईच्या दमट हवेत पंखा ही चैन नव्हे. तो चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीतही वर्षातले दहा महिने फिरतो. जुना पंखा पंच्याहत्तर वॉट घेतो. त्या वेळचा पाच ताऱ्यांचा पंखा पन्नासच्या आसपास घेई. पंचवीस वॉटांचा फरक, रोज दहा तास, वर्षाचे तीनशे दिवस. म्हणजे पंच्याहत्तर युनिट. पंखा दहा वर्षे टिकला तर साडेसातशे युनिट. समजा, उपक्रमाने त्या पंख्याच्या किमतीत पाचशे रुपयांची सूट दिली. तर न वापरलेले प्रत्येक युनिट सत्तर पैशांच्या आतच पडले. पैशांवरचे व्याज धरले तर थोडे जास्त. बाजारात त्या भावात वीज कुठे मिळते? आणि संध्याकाळी सात वाजता, जेव्हा सारे शहर एकदम दिवे लावते, तेव्हा तर ती फारच महाग पडते. वाण्याचे कोडे येथे सुटते. त्याला जी साखर स्वतःलाच चढ्या भावाने आणावी लागते ती गिऱ्हाइकाने कमी मागितली तर त्याचे नुकसान नाही, उलट सुटका आहे.

मावळच्या मापाने बोलायचे तर तो एक पंखा दिवसाला पाव युनिट, म्हणजे दोनशे लिटर, म्हणजे वीस लिटरचे दहा हंडे पाणी वाचवितो. हल्ली तीसेक वॉटांवर चालणारे पंखे निघाले आहेत. त्यांचे अठरा हंडे होतील.

बेस्टने आणि मुंबईच्या इतर वीज कंपन्यांनी २०१० नंतरच्या वर्षांत असे कार्यक्रम काढले. जाड्या नळकांड्या आणि तांब्याचे चोक काढून बारीक टी-५ नळ्या बसविणे, सवलतीत तारांकित पंखे, जुन्या रेफ्रिजरेटरच्या जागी नवा, कमी विजेची वातानुकूलन यंत्रे, अशी त्यांची यादी आहे. त्यांत एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुने यंत्र परत घेतल्याखेरीज नवे देऊ नये. नाही तर काय होते, हे कोणत्याही गृहिणीस विचारा: नवा फ्रीज स्वयंपाकघरात येतो आणि जुना आतल्या खोलीत सरबताच्या बाटल्यांसाठी चालू राहतो. बचतीच्या नावाने बिल वाढते!

दुसरी अडचण मोजण्याची. विकलेले युनिट मीटर दाखविते. न विकलेले कोण दाखविणार? त्यासाठी नमुन्यादाखल काही घरे निवडायची, पंखा किती तास फिरतो ते पाहायचे, सवलत नसती तरी किती जणांनी असाच पंखा घेतला असता याचा अंदाज करायचा. हे काम किचकट आणि बिनदिखाऊ आहे. नवे वीजकेंद्र झाले तर फीत कापता येते; दहा हजार पंख्यांच्या उद्घाटनाला कोणता पाहुणा बोलवावा? म्हणून की काय, हे कार्यक्रम बहुधा नमुन्याच्या आकाराचेच राहिले. नगराच्या उपक्रमाकडून मला याहून मोठ्या धाडसाची अपेक्षा होती.

दिव्यांचा एक प्रसंग मात्र फार गाजला. मुंबई बेटावरचे रस्त्यांचे दिवे बेस्ट सांभाळते. २०१५ साली मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा, मुंबईच्या राणीच्या कंठ्याचे सोने उतरले म्हणून गदारोळ झाला. राजकीय पक्ष त्यात उतरले, वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर पिवळसर छटेचे एलईडी आले. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नाही. शहर आपल्या दिव्यांवर प्रेम करते, हे तीत दिसले. वीज वाचविणाऱ्याने ते प्रेमही हिशेबात धरावे लागते.

त्याहून गंभीर प्रश्न न्यायाचा आहे. बचतीचा खर्च दरातून सगळ्यांवर पसरतो. म्हणजे ज्या बाईच्या खोलीत एक दिवा आणि एक पंखा आहे तिच्या बिलातलेही चार पैसे त्यात जातात. आणि सवलतीचे वातानुकूलन यंत्र जाते ज्याला वातानुकूलन परवडते त्याच्या घरी. भाडेकरूच्या खोलीतला पंखा मालकाने कशाला बदलावा? बिल तर भाडेकरू भरतो. सरकारी नियमांत अशा प्रश्नांची उत्तरे पूर्ण मिळत नाहीत. याचा एकच उपाय मला दिसतो: पंखा आणि दिवा आधी, थंडाव्याचे यंत्र शेवटी. मुळशीच्या मोबदल्यातही जे धनको होते त्यांना आधी मिळाले, हे मघाशी सांगितलेच आहे.

आता शेवटचा प्रश्न, आणि तो मला मावळातल्या एका शेतकऱ्यानेच विचारला. "मुंबईने वीज वाचवली, तर आमच्या इंद्रायणीला पाणी येईल का?" खरे उत्तर द्यायचे तर, आपोआप येणार नाही. पाण्याची वीज बटण दाबताच काही मिनिटांत सुरू होते आणि गरज सरली की थांबते. म्हणून संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला ती फार मोलाची. मुंबईची मागणी घटली तर आधी कोळसा कमी जळेल, तळ्यातले पाणी नंतर. शिवाय कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, घाटाखाली वळविण्याच्या या पाण्यालाही मर्यादा घालून मान्यता दिली आहे. वर्षाकाठी चाळीस अब्ज घनफुटांहून अधिक पाणी अशा रीतीने पश्चिमेला जाते. आणि ते वाया जाते असेही नाही. पाताळगंगेच्या काठचे कारखाने, उल्हास नदीवर तहान भागविणारी कल्याणच्या बाजूची शहरे, कुंडलिकेचे खोरे, ही सारी गेली कित्येक दशके याच सोडलेल्या पाण्यावर वाढली आहेत. पुणे आणि सोलापूरकडून मागणी होत आली आहे की हे पाणी भीमेच्या खोऱ्यात परत द्यावे. दुष्काळाच्या वर्षी तिला धार येते. पण पाणी परत द्यायचे तर दोन गोष्टी आधी कराव्या लागतील: घाटाखालच्या शहरांना दुसरे पाणी द्यावे लागेल, आणि संध्याकाळी सातची मुंबईची मागणी उतरवावी लागेल. पहिले काम सरकारचे. दुसरे निदान काही अंशी त्या पंख्यांचे आणि दिव्यांचे, म्हणजे बेस्टचे आणि तिच्या गिऱ्हाइकांचे.

मी त्या शेतकऱ्याला हे सगळे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, मुंबईतल्या त्या पंख्याची सूट लोणावळ्यात मिळते का? बेस्टची हद्द माहीम-शीवेला संपते. आपल्याकडचा पुरवठा महावितरणचा, तेव्हा त्या योजनेतली सूट इकडे मिळत नाही, असे मी म्हटले. तो म्हणाला, "मग आमच्या तळ्यातल्या पाण्याचा पंखा आम्हांला महागच."